हवेतून पाठवलेल्या फोटॉनची गुंतणूक तुटत कशी नाही?

वाईकर_मास्तर

नमस्कार मंडळी. मी वाईला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गेल्या आठवड्यात बारावीला ध्रुवण (पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा) शिकवत होतो. तासाची दहा मिनिटं उरली म्हणून मुलांना जून २०२५ मधली बातमी सांगितली. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी कॅम्पसमध्येच एक किलोमीटरहून जास्त अंतरावर, कुठलीही केबल न टाकता, उघड्या हवेतून एकमेकांत गुंतलेले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, वापरून निरोप कुलूपबंद करायची गुप्त किल्ली तयार केली. सेकंदाला सुमारे २४० बिट, आणि चुका सात टक्क्यांच्या आत.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, तुम्हीच मागे सांगितलं होतं, एन्टँगलमेंट, म्हणजे ही गुंतणूक, फार नाजूक असते, जरा धक्का लागला की संपली. मग दिल्लीच्या हवेत, एवढ्या धुळीत आणि धुरात, ती किलोमीटरभर टिकली कशी?"

मी काहीतरी सांगून वेळ निभावली, पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो. किल्ली कशी बनते, सुरक्षा कशी असते यावर भरपूर सापडलं. हवेतून जाताना त्या फोटॉनचं नेमकं काय होतं, हे कुणी साध्या शब्दांत लिहिलेलं दिसलं नाही. फायबर बंदिस्त असते, तिच्यात धूळ नाही की वारा नाही. मग उघड्या हवेत जायचंच कशाला? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात यातलं काय चालेल?

या विषयात प्रत्यक्ष हात घातलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा. मुलीला उत्तर देणं लागतो मी.

डोंगरवाट

मास्तर, क्वांटममधलं मला कळत नाही, पण उघड्या हवेतून सिग्नल नेमका पोचवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दूरसंचार खात्यात मायक्रोवेव्ह टॉवरवर होतो. दोन टॉवर एकमेकांना दिसले पाहिजेत ही पहिली अट. डिश किंचित सरकली तरी समोरचा ओरडायचा. आणि गंमत म्हणजे आम्हाला भर पावसापेक्षा हिवाळ्यातली शांत पहाट जास्त छळायची. दरीत गार हवा साचते, वर उबदार थर असतो, आणि सिग्नल त्या थरांत वाकून भलतीकडेच जातो. आकाश निरभ्र असायचं आणि लाइन पडलेली असायची.

आमच्याकडे दर चाळीस-पन्नास किलोमीटरला रिपीटर असे, कमजोर झालेला सिग्नल मोठा करून पुढे ढकलायचा. फोटॉनला तसा रिपीटर लावता येतो का, हे जाणकारांनी सांगावं.

स्वाती_नक्षत्र

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीने नेमका मुळावर बोट ठेवलंय. माझी पीएचडी याच कामात गेली. दोन इमारतींच्या गच्च्या आणि मध्ये १८० मीटर हवा. संस्थेचं नाव लिहीत नाही, काम मात्र सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न मला स्वतःलाही पहिल्या वर्षी असाच अडला होता.

हवेत फोटॉन हरवतात, पुष्कळ हरवतात. पण जो पोचतो तो जवळजवळ जसाच्या तसा पोचतो. तुमच्या मुलीला हवं असलेलं उत्तर एवढंच आहे. आता ते असं का, ते बघू.

आमच्याकडे ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर होता, ब्लू-रे प्लेअरमध्ये असतो त्याच रंगाचा. तो एका स्फटिकातून जातो, आणि कोट्यवधींतला एखादा जांभळा फोटॉन तुटून त्याचे ८१० नॅनोमीटरचे दोन फोटॉन होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. या दोघांचं ध्रुवण एकमेकांत गुंतलेलं असतं. एकट्या फोटॉनला ठरलेली दिशा नसते, पण दोन्ही टोकांना पोलरायझर (ठरावीक दिशेचंच कंपन जाऊ देणारी चाळणी) एकाच कोनात ठेवले तर दोघेही आरपार जातात किंवा दोघेही अडतात. उभा-आडवा कोन ठेवा, ४५ अंशांचा ठेवा, जुळणी सुटत नाही.

ही जुळणी बिघडवायची तर वाटेतल्या वस्तूने दोनपैकी एक गोष्ट करायला हवी. एक तर उभ्या आणि आडव्या कंपनांना वेगवेगळी वागणूक द्यायची, किंवा फोटॉन कोणत्या दिशेचा होता याची खूण स्वतःकडे ठेवायची. हवा या दोन्हींतलं काही करत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू सगळ्या दिशांना तोंड करून भिरभिरत असतात, त्यामुळे सरासरीने हवा सगळ्या बाजूंनी सारखीच. उभं कंपन आणि आडवं कंपन एकाच वेगाने जातं. एखादा फोटॉन धुळीच्या कणावर आदळला तर तो बाजूला फेकला जातो आणि समोरच्या दुर्बिणीत येतच नाही. म्हणजे तो मोजणीतून वजा होतो, आलेल्यांत भेसळ करत नाही. गरम-गार हवेच्या झुळकांनी शलाका वाकते, थरथरते, पण दोन्ही ध्रुवणांना सारखीच वाकवते.

याची सगळ्यात चांगली साक्ष आकड्यांत आहे. बेलची कसोटी म्हणून एक मोजमाप असतं. फोटॉनांनी निघतानाच उत्तरं ठरवून घेतली असती तर तो आकडा २ च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटमची कमाल मर्यादा २.८३. अंतोन झायलिंगर यांच्या व्हिएन्नातल्या गटाने २००३ मध्ये डॅन्यूब नदीवरून, वाऱ्याच्या थंड रात्री, एकमेकांपासून ६०० मीटरवर असलेल्या दोन ठिकाणी फोटॉन पोचवले. आकडा आला २.४१. त्याच परंपरेतल्या लोकांनी २००७ मध्ये कॅनरी बेटांपैकी ला पाल्माच्या २४०० मीटर उंच डोंगरावरून समुद्रापलीकडे तेनेरिफेला, १४४ किलोमीटरवर, जोडीतला एक फोटॉन पाठवला. आकडा २.५१. चीनच्या मिशिअस उपग्रहाने देलिंगहा आणि लिजियांग या १२०३ किलोमीटर अंतरावरच्या केंद्रांवर एकेक फोटॉन उतरवला, निकाल २०१७ मध्ये आला. आकडा २.३७. अंतर दोन हजार पट वाढलं आणि कसोटीचा आकडा होता तिथेच राहिला. मी हे तीन आकडे पहिल्यांदा एका कागदावर एकाखाली एक लिहिले तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते.

कॅनरीचा प्रयोग आणखी एका कारणाने मोठा. आपल्या डोक्यावरचं सगळं वातावरण समुद्रसपाटीच्या घनतेला दाबलं तर ते जेमतेम आठ-साडेआठ किलोमीटर भरेल. त्यांनी आडव्या दिशेने त्याहून कितीतरी जास्त हवा ओलांडली. तेव्हाच कळलं की उपग्रहावरून हे होऊ शकतं.

मग आमचा सगळा वेळ गेला कशात? नेम धरण्यात आणि मोजण्यात.

पलीकडच्या गच्चीवर आलेला प्रकाश शेवटी एका फायबरच्या तोंडात घालावा लागतो. ते तोंड पाच मायक्रॉनचं, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून लहान. रात्री बसवलेला नेम सकाळी हललेला असायचा, कारण उन्हाने इमारतच किंचित झुकते. आमची शलाका वाटेत हॉस्टेलच्या गच्चीवरून जायची आणि तिथे सोलर वॉटर हीटरच्या पट्ट्या होत्या. दुपारी दोनला कार्डावर ठिपका बघायचा तर तो उकळत्या पाण्यातल्या तांदळासारखा उड्या मारायचा. लेन्स बदलल्या, आरसे बदलले, स्टँडखाली रबर घातलं. शेवटी वर्कशॉपमधल्या मामांनी लोखंडी चौकट करून दिली आणि शलाका दीड मीटर उंचावरून नेली. ठिपका निम्म्याहून जास्त शांत झाला. हीटर तापतो ती हवा वर जाताना लवकर विरते, हे त्यांना आमच्याआधी दिसलं होतं. सगळ्यात स्थिर हवा मिळायची ती सूर्य मावळायच्या थोडी आधी, जेव्हा गच्ची आणि हवा एका तापमानाला येतात.

दुसरा धडा खिडकीचा. सुरुवातीला पलीकडचं उपकरण उघड्यावर न ठेवता खोलीत, बंद काचेमागे ठेवलं होतं. फोटॉन भरपूर येत होते, पण ४५ अंशांत जुळणी काही केल्या लागेना. सहा आठवडे स्फटिकालाच दोष देत होतो. दोष काचेवरच्या ऊन अडवणाऱ्या काळसर फिल्मचा होता. ती फिल्म कारखान्यात ताणून बनवलेली असते, त्यामुळे ताणलेल्या दिशेला आणि आडव्या दिशेला प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो. १८० मीटर हवेने जे केलं नाही ते केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकने केलं. ब्लेडने फिल्म खरवडली, काच स्पिरिटने पुसली, आणि त्याच संध्याकाळी जुळणी लागली. आरसेही असंच करतात, तिरक्या परावर्तनात ध्रुवण बदलतात. पण त्यांचा बदल ठरलेला असतो, वेव्हप्लेट (ध्रुवण बदलणारी स्फटिकाची चकती) फिरवून काढता येतो.

आता मोजणी. जोडीतले दोन फोटॉन एकाच क्षणी जन्मतात, म्हणून पोचायच्या वेळेवरून जोडी ओळखायची. एक फोटॉन आम्ही लॅबमध्येच मोजायचो, दुसरा १८० मीटर जाऊन. प्रकाश नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे दुसरा ६०० नॅनोसेकंद उशिरा येणार. शिवाय लॅबमधल्या फोटॉनला आम्ही दहा मीटर जास्तीची फायबर दिली होती. काचेत मीटरला पाच नॅनोसेकंद लागतात, म्हणून फरक ५५०. पडद्यावर वेळांच्या फरकाचा आलेख भरत जातो. सगळीकडे सपाट गवत, आणि बरोबर ५५० वर एक काडी उभी राहायला लागते. पहिल्या मिनिटाला ती शंका वाटते. पाचव्या मिनिटाला ती बोटभर उंच होते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आणि मी गाइडना फोन केला. ते म्हणाले, "काही हलवू नकोस, येतो मी." स्कूटरवरून आले.

दिवसा हे कठीण का, त्याचाही हिशेब सोपा आहे, मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. दोन्ही डिटेक्टरांवर सेकंदाला एकेक लाख टिकटिक होत असतील आणि आपण एक नॅनोसेकंदाच्या आत आलेल्यांना जोडी म्हणत असू, तर निव्वळ योगायोगाने १,००,००० गुणिले १,००,००० गुणिले १ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला दहा खोट्या जोड्या मिळतात. उन्हाने एका डिटेक्टरवर दहा लाख झाले की खोट्या जोड्या शंभर. खऱ्या जोड्या पन्नास असतील तर त्या तिथेच बुडाल्या. म्हणून अरुंद रंगाचा फिल्टर लावायचा, दुर्बिणीची नजर अरुंद ठेवायची, घड्याळं चोख ठेवायची. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने मार्च २०२१ मध्ये ३०० मीटरचा पहिला प्रयोग जाहीर केला तेव्हा दोन टोकांची वेळ जुळवायला नाविक प्रणालीचे, म्हणजे आपल्याच उपग्रहांचे, रिसीव्हर वापरले होते. जानेवारी २०२२ मध्ये तिथेच भौतिकी संशोधन प्रयोगशाळेबरोबर गुंतलेल्या फोटॉनांचा प्रयोगही ३०० मीटरवर झाला.

डोंगरवाट काका, रिपीटरबद्दल: तुमच्यासारखा मोठा करून पुढे ढकलणारा रिपीटर इथे चालत नाही. अनोळखी अवस्थेतल्या फोटॉनची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालंय. आणि सुरक्षा उभी आहे ती याच नियमावर, कारण चोरालाही नक्कल करता येत नाही. त्यामुळे वाटेत हरवलेला फोटॉन हरवलाच. फायबरमध्ये घात इथेच होतो. उत्तम फायबर किलोमीटरला ०.२ डेसिबल खाते (दर दहा डेसिबलला प्रकाश दहापट घटतो), म्हणजे १२०० किलोमीटरला २४० डेसिबल, एकावर २४ शून्यं इतक्या फोटॉनांत एक पोचणार. मिशिअसवरचा स्रोत सेकंदाला ५९ लाख जोड्या बनवत होता आणि जमिनीवर दोन्ही फोटॉन सापडायचे ते सेकंदाला साधारण एका जोडीचे. हे फार कमी वाटेल. पण तोच स्रोत फायबरला लावला असता तर एक जोडी पोचायला पृथ्वीच्या वयाहून जास्त काळ लागला असता. शिवाय फायबर वाकते, दबते, तापते, आणि तिच्यातलं ध्रुवण तासातासाला फिरतं. शहराच्या आत फायबर उत्तम आहे, हे मान्यच. हजार किलोमीटरला मात्र वरची पोकळीच कामाची, कारण तिथे खायला कुणी नाही.

पावसाळ्याचं उत्तर मास्तरांना आवडणार नाही. धुक्यात दोनशे मीटरपलीकडचं दिसत नसेल तर किलोमीटरमागे ६० ते ८० डेसिबल जातात. ६० म्हणजे दहा लाखांत एक. पाऊस त्यामानाने बरा, थेंब मोठे असतात आणि विरळ. आम्ही जून ते सप्टेंबर उपकरणं खाली आणून ठेवायचो.

तेजस_सातवं_सेमिस्टर

ताई, फार छान लिहिलंय. एक शंका. किल्लीच बनवायची तर साधा मंद लेझर वापरून १९८४ च्या बेनेट-ब्रासार्ड पद्धतीने बनते ना? ते सोपं पडतं असं वाचलंय. मग गुंतलेल्या जोड्यांचा एवढा खटाटोप का? आणि एक फोटॉन मोजला की दुसऱ्याचं लगेच ठरतं, तर त्यातून निरोप प्रकाशापेक्षा वेगाने जातो का?

स्वाती_नक्षत्र

तेजस, दुसऱ्याचं आधी. नाही जात. प्रत्येक टोकाला एकट्याने बघितलं तर नुसती नाणेफेक दिसते. दोन याद्या शेजारी ठेवल्यावरच जुळणी दिसते, आणि याद्या साध्या फोनने किंवा इंटरनेटनेच पाठवाव्या लागतात.

मंद लेझर सोपा पडतो हे खरं. त्या पद्धतीचा पहिलावहिला प्रयोगही हवेतलाच होता, टेबलावर सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर. पण तिथे पाठवणाऱ्या पेटीवर विश्वास ठेवावा लागतो, कारण कोणता फोटॉन कसा पाठवला हे तिला माहीत असतं. उपग्रह वर असताना त्याच्या पोटात कुणी काय बसवलंय हे कोण तपासणार? गुंतलेल्या जोडीत उत्तर उपग्रहालाही माहीत नसतं. दोन्ही टोकं आपापसात कसोटी घेऊन ठरवतात की जोडी खरी होती की नाही. आर्तुर एकर्ट यांनी १९९१ मध्ये हीच कल्पना मांडली. मिशिअसने २०२० मध्ये ११२० किलोमीटरवर ती करून दाखवली. किल्लीचा वेग होता सेकंदाला ०.१२ बिट, म्हणजे एका बिटला आठ सेकंद. आज ते कुणाच्या रोजच्या उपयोगाचं नाही. पण मला त्या आठ सेकंदांचं फार अप्रूप वाटतं, कारण सेकंदाला एक जोडी सापडणं म्हणजे काय कष्ट असतात ते मी पाहिलंय.

मास्तर, वर्गात करून दाखवायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल घ्या, मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर धरून फिरवा, स्क्रीन काळी होते तिथे थांबा. मग स्क्रीन आणि गॉगल यांच्यामध्ये काचेच्या पट्टीवर चिकटवलेला सेलोटेप तिरका धरा. आमच्या खिडकीची फिल्म हेच करत होती. (काही मोबाइलवर नीट काळं होत नाही, लॅपटॉपची स्क्रीन जास्त भरवशाची.)

वाईकर_मास्तर

ताई, आज केलं. लॅपटॉप टेबलावर, गॉगल शेजारच्या सरांचा. स्क्रीन काळी झाली, मध्ये नुसता हात धरला, हवा फुंकली, केटलीची वाफ सोडली, काळीच राहिली. वाफेने गॉगल मात्र धुरकट झाला. मग सेलोटेपचे तीन थर लावलेली पट्टी सरकवली, आणि काळ्यात निळा-पिवळा उजेड फुटला. वर्ग उठून पुढे आला. ५५० ची काडीसुद्धा फळ्यावर काढून दाखवली.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न वहीत लिहून आणलाय, तसाच देतो: "साखरेच्या पाण्यातून जाताना ध्रुवणाची दिशा फिरते असं पुस्तकात आहे. मग दमट हवेतल्या पाण्याने का फिरत नाही?"

स्वाती_नक्षत्र

तिला सांगा, फिरवते ती साखर, पाणी नाही. साखरेचा रेणू आपल्या हातासारखा असतो. उजव्या हाताचं आरशातलं प्रतिबिंब डावा हात होतं, उजव्यावर बसत नाही. निसर्गातली साखर सगळी एकाच हाताची, म्हणून कितीही भिरभिरली तरी सरासरीत तिचं वळण उरतं. पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचं प्रतिबिंब त्यांच्यावर तंतोतंत बसतं, त्यामुळे फिरवण्यासारखं काही उरत नाही.

तेही दाखवा. ५० ग्रॅम साखर कोमट पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिली करा आणि सपाट बुडाच्या उभट काचेच्या भांड्यात २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. एवढं पुरायला भांडं अरुंद हवं, नाहीतर त्याच प्रमाणात द्रावण वाढवा. लॅपटॉपची स्क्रीन उताणी करा, तिच्यावर काच ठेवा, काचेवर भांडं आणि वरून गॉगल. सोडियमच्या पिवळ्या दिव्याला वळण साधारण ६६ अंश येतं, पांढऱ्या स्क्रीनवर रंगागणिक थोडं वेगळं दिसेल. आधी त्याच भांड्यात नुसतं पाणी भरून बघायला तिलाच सांगा, आणि कोनमापकही तिच्याच हातात द्या.